गेरूची रेघ

आई, परवा गावातून फोन आला. नव्या सरपंचबाईंचा. तू गेलीस तेव्हा त्या शाळेत जात असतील, तुझा चेहराही त्यांना आठवत नाही. आता घरोघरी नळ आलेत. त्याचा छोटासा कार्यक्रम रविवारी शाळेच्या पटांगणात ठेवलाय आणि गावची लेक म्हणून त्यांना माझा सत्कार करायचाय. "तुमी नटबोल्टाचे एवढे पाने बनवायलात, पेपरात फोटो आला, आमाला लय अभिमान हाय," असं म्हणाल्या. बाई बोलायला मोकळ्या. बोलता बोलता सहज पुढे म्हणाल्या, "तुमच्या आईच्या हातून बोरात पाइप पडले व्हते म्हणं. पण तुमी नाव काढलं बगा." मी "हं" म्हणाले. तेवढंच. मग त्यांनी एसटी कितीला आहे, जिंतूरला घ्यायला कोण येईल, ते सांगितलं आणि फोन ठेवला.

सत्तावीस वर्षांत हा "हं" मी किती जणांना दिला असेल, कोण जाणे. लग्नघरी, पाहुण्यांत, एकदा तर सासरच्या माणसांसमोर. दर वेळी वाटायचं, विषय लांबवायला नको. फोन ठेवल्यावर मात्र मी टेबलावरच्या कागदांकडे बघत बसून राहिले. ऑफिसातल्या पोरांना वाटलं, काहीतरी वाईट बातमी आली. एकाने पाणीही आणून दिलं. म्हणून आज रविवारच्या आधी हे लिहायला बसलेय. तुला अक्षरं लावून वाचायला वेळ लागायचा, त्यामुळे मी पत्रं नेहमी छोटी लिहायचे. या वेळी तसं जमणार नाही.

मी काय काम करते ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. तू असताना मी नुसती ड्रॉइंगं काढणारी होते, आता पाने कसे असावेत ते ठरवणाऱ्या खात्याची प्रमुख आहे. तुला यातलं बरंच आवडलं असतं. नटाचे कोपरे गोल होतात म्हणून तू किती चिडायचीस. आता गोटीच्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या वाटीच्या, आतले कोपरे आम्ही थोडे पोकळ ठेवतो, म्हणजे जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता त्याच्या सपाट अंगावर येतो आणि जुना, गंजलेला नटही शाबूत निघतो. मागेपुढे हलवत आवळायच्या रॅचेट पान्याचे दाते इतके बारीक झालेत की पाना जरासा हलवायला जागा मिळाली तरी काम होतं. आणि एक पाना असा आहे की ठरवलेला जोर आला की हातात कट्ट वाजतो. मी पहिल्यांदा तो कट्ट ऐकला तेव्हा मला तुझ्या स्वयंपाकघराची आठवण झाली. का, ते तुला ठाऊक आहे.

कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला होता. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत आलेली, अंगात नुसती मस्ती. तू भाकरी थापत होतीस. मी स्क्रू आवळत गेले, आवळत गेले, आणि शेवटी तो आतल्या आत गरगर फिरायला लागला. आटे गेले. तू पिठाचे हात तसेच ठेवून दांड्याकडे बघितलंस. "जोर दाखवायचा आसल तर जात्यावर दाखव," म्हणालीस. "हितं अंदाज लागतो." मला फार लागलं ते. मी शिकणारी, आणि तू चौथी झालेली. त्या दिवशी मी दोन भाकरी कमी खाल्ल्या.

तुझा अंदाज कुठून आला, हे मी खूप उशिरा समजून घेतलं. तालुक्याला बायकांना हातपंप दुरुस्तीचं शिक्षण देणार म्हणून दवंडी झाली, तेव्हा वरच्या आळीतून कुणी गेलं नाही. बायका पाने घेऊन पंपावर चढणार, हे कुणाला पटणार? आपल्या वस्तीतून तू गेलीस. परत आलीस ती हिरव्या कापडाची जड पिशवी खांद्याला लावून. आजी पिशवीला हात लावायला भीत होती. तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर तिला ओंजळ धरून उभं राहावं लागायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. आणि आता तिची सून भर दिवसा सगळ्या गावाच्या पंपाचं डोकं उतरवून ओट्यावर ठेवायची, आणि गाव घागरी घेऊन गुपचूप थांबायचं. आजी वस्तीच्या तोंडाशी येऊन लांबून ते बघायची. तू मागे वळून बघायची नाहीस, पण त्या दिवशी तुझा पदर जरा ताठ खोचलेला असायचा.

पिशवीतले पाने पुरुषांच्या हातांसाठी केलेले होते, हे तुझ्या महिनाभरात लक्षात आलं. मूठ मोठी, दांडा लांब, ओल्या हातातून सटकायचा. तू लोहाराकडून एका पान्याचा दांडा बोटभर वाकवून आणलास, म्हणजे ओट्याच्या कडेला बोटं सोलवटायची नाहीत. सायकलची जुनी ट्यूब कापून मुठींवर चढवलीस. आम्ही आज मुठीच्या जाडीवर बैठका घेतो, वेगवेगळ्या हातांची मापं मागवतो, रबर कुठलं लावायचं यावर भांडतो. त्या बैठकांत मी फार तोऱ्यात बोलते. मला उत्तरं आधीपासून माहीत असतात, एवढंच त्यातलं गुपित.

पण तुझी सगळ्यात मोठी युक्ती ट्यूब नव्हती, गेरू होता. पंपाच्या तळाचे वायसर बदलायचे तर सगळे पाइप वर ओढावे लागतात. एक पाइप वर आला की खालच्या पाइपाला बोरच्या तोंडावर बसवलेल्या शिकंज्यात धरायचं, शिकंज्याचे दोन्ही बोल्ट आवळायचे आणि मग वरचा पाइप फिरवून वेगळा करायचा. त्या वेळेला खालची सगळी माळ फक्त त्या शिकंज्यावर लटकलेली असते. शिक्षणात तुम्हाला बोल्ट आवळायला सांगितलं होतं, बाकी काही नाही. तू मात्र शिकंजा आवळला की त्याच्या वरच्या कडेला लागून पाइपावर ओल्या गेरूची बारीक रेघ ओढायचीस. पाइप केसभर जरी खाली सरकला तरी रेघ शिकंज्यात शिरते. "कान फसतेत, हात फसतेत," तू मला सांगितलं होतंस, "रेघ बघ. रेघंला कुणाची भीड न्हाई." अंगण सारवताना उरलेला गेरू तू डबीत घालून पिशवीत ठेवायचीस.

आता त्या दिवसाकडे येते. शेवटच्या वर्षाच्या आधीची उन्हाळी सुट्टी होती. परभणीच्या बाजारातून मी तुझ्यासाठी स्क्रू पाना आणला होता, चकचकीत, लहान-मोठ्या कुठल्याही नटाला बसणारा. तू तो उलटसुलट केलास, चाकी फिरवून जबडा उघड-मीट केलास. हसलीस. "सगळ्यांला बसतो म्हंजी कुणालाच धड बसत नसंल," म्हणालीस, आणि तरीही पदराने पुसून पिशवीत सगळ्यात वर ठेवलास. मला तो पहिला अर्धा भागच ऐकू आला. दोन दिवसांनी मारुतीच्या पारामागचा, गिरणीपुढचा पंप काढायचा होता आणि मी म्हणाले, मी येते. खरं तर म्हणाले, दाखवतेच.

सकाळची वेळ आहे. पंचायतीचे शिपाईमामा आणि आपला मामा पाइप ओढायला आलेत. गिरणीच्या पडवीत बायका दळणाच्या डब्यांवर बसून आमच्याकडे बघताहेत, आणि मला ते आवडतंय. तीन पाइप निघतात. चौथ्याला मी म्हणते, शिकंजा मी आवळते. तू तुझा वाकवलेला पाना पुढे करतेस. मी तो घेत नाही, माझा नवा काढते. बोल्ट अवघड कोनात आहे, पाना उलटा धरला तर हात पुरतो. उलटा धरला की जोर हलत्या जबड्यावर येतो आणि तो हळूहळू उघडतो, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, परीक्षेत त्याची आकृतीही काढली होती मी. तरी तसाच धरते. दोनदा सटकतो, बोल्टाचे कोपरे चमकायला लागतात. तिसऱ्यांदा घट्ट लागल्यासारखं वाटतं. तू वाकतेस आणि रेघ ओढतेस. मी पाइप पाना लावून वरचा पाइप फिरवायला लागते, शिपाईमामांनी आणि मामाने तो धरलेला आहे.

जोड सुटायला दोन फेरे राहिले असतील. तू रेघेवर डोळे लावून बसलेली आहेस. "थांब," तू म्हणालीस. "थांब, रेघ हलली."

मी थांबले नाही. आणखी एक फेरा, आणि वरचा पाइप मोकळा झाला. दोन पाइपांना जोडणारा जाड जोड खालच्या पाइपावर राहिला असता तर शिकंज्यावर अडकला असता, पण तो वरच्याबरोबर निघून आला. खालचा उघडा पाइप एकदा खरडला आणि गेला. सगळी माळ गेली. आधी लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, मग खूप खोलवरून एक धप्प. शिपाईमामा नुसते म्हणाले, "गेलं." शिकंज्याच्या जबड्यात तुझ्या रेघेचा तांबडा डाग तेवढा राहिला होता.

पडवीतल्या बायका उठून आल्या, त्यांना तिथून आमच्या नुसत्या पाठी दिसल्या होत्या. सरपंच आले, तेव्हाचे. कुणीतरी म्हणालं, बायकांचं काम हाय का हे. कुणीतरी त्याहून वाईट म्हणालं, आपल्या वस्तीचं नाव घेऊन, ते मी इथे लिहीत नाही, तू ऐकलं होतंस. सरपंचांनी विचारलं, "कुणी आवळला व्हता शिकंजा?" मामाने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, आई, हे मी तुझ्या पायावर हात ठेवून सांगते, उघडलं होतं. पण तुझं उत्तर आधी आलं. "म्या आवळला," तू म्हणालीस. "माज्या हातून गेलं. पोरीचा काय संबंध न्हाई, ती नुसती बगायला आलती." आणि माझ्या पायाशी पडलेला स्क्रू पाना तू उचललास आणि कमरेला खोचलास. मी तोंड मिटलं.

घरी आल्यावर तू चूल पेटवलीस. मी दाराशी बसले होते. रागवशील असं वाटत होतं, तू रागवावंस असं मनापासून वाटत होतं. तू चहाचं आधण ठेवलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "गिरणीच्या आवाजात तुला ऐकू आलं नसंल मी हाक मारल्याली." मी म्हणाले, "नाही आलं." तू म्हणालीस, "मंग झालं तर." चहात त्या दिवशी साखर जास्त पडली होती. मी सगळा प्याले.

तालुक्याची गाडी येऊन दोन दिवस गळ टाकून बघत होती. काही लागलं नाही. बोर बंद झाला. पंचायतीने हिरवी पिशवी परत मागितली आणि तू ती दिलीस, वाकवलेल्या पान्यासकट, ट्यूब चढवलेल्या मुठींसकट. फक्त गेरूची डबी काढून घेतलीस. तो सगळा उन्हाळा गाव ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत होतं. पंपासमोर राहणाऱ्या वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या आजींना चालवत नव्हतं, तर पहिल्या दोन घागरी तू त्यांच्या दारात नेऊन ओतायचीस, पाऊस पडेपर्यंत, एक दिवस न चुकता. त्यांच्याच सासूने एकेकाळी आपल्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. आता त्या तुझ्या हातची घागर स्वतः उतरवून घ्यायच्या. मी तर सुट्टी संपायच्या आधीच, अभ्यासाचं निमित्त करून, निघून गेले होते. हे सगळं मला मामाने सांगितलं.

खरं सांगू, मला तुझा रागही यायचा. कुणी मागितलं होतं ते? मला दोन शिव्या बसल्या असत्या, मी शिकत होते, माझं काय बिघडलं असतं? तुझं मात्र सगळं गेलं. गावात मान वर करून करायचं एवढं एकच काम तुझ्याकडे होतं. मग वाटायचं, तू हिशोब बरोबर मांडला होतास. वस्तीतली एक बाई चुकली हे गावाने सोसलं असतं. आई आणि शिकलेली लेक दोघी चुकल्या असं झालं असतं, तर पुढे कुणाच्या लेकीला शिकायला पाठवलं असतं कुणी? पण हे मी माझ्या मनाने लावलेलं आहे. तुला विचारायला दहा वर्षं मिळाली होती आणि मी विचारलं नाही. येलदरीच्या धरणावर आपण फिरायला गेलो होतो, पाण्याकडे बघत तासभर बसलो होतो, तेव्हाही नाही.

तू गेलीस त्यानंतर तुझी पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी, बाबासाहेबांची तसबीर, गेरूची वाळलेली डबी, आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेला माझा स्क्रू पाना. तेल लावलेला. त्याच्या चाकीपाशी तू पत्र्याची एक छोटी पाचर बसवली होतीस, नखाएवढी, कडा घासून गुळगुळीत केलेली. पाचर आत सारली की जबडा जागचा हलत नव्हता. बाहेर ओढली की मोकळा. म्हणजे पिशवी गेल्यावर, काम गेल्यावर, तू घरी बसून त्या पान्यात काय खोट आहे ते शोधून काढलं होतंस. कुणासाठी? तुला आता कुठला शिकंजा आवळायचा होता? मी पेटीपाशी बसून रडले, आणि रडतानाही माझा अंगठा ती पाचर आत-बाहेर करत होता. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

पेपरात फोटो आला तो त्याच पान्याचा. जबड्याला खटका असलेला स्क्रू पाना, एकदा बसवला की सरकत नाही. खटका आमच्या लोकांनी नीट बनवला, पोलाद बदललं, मापं ठरवली, पण मूळ कल्पना तुझी पाचर. हे मी लपवलं नाही. सगळीकडे सांगते, अगदी रंगवून सांगते. माझी आई हातपंप दुरुस्त करायची, तिने पत्र्याच्या तुकड्यावर हे सुचवलं. लोक टाळ्या वाजवतात. तिला पाचर बसवायची गरज का पडली, हे मात्र कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. तुझं श्रेय मी तुला देते आणि माझा दोष तुझ्याकडेच राहू देते, असा हा व्यवहार इतकी वर्षं बिनबोभाट चाललाय.

रविवारी मी जाणार आहे. पाना बरोबर नेणार आहे, तुझा, पाचरीचा. सत्काराच्या आधी माइक मागून घेईन आणि सांगेन की शिकंजा मी आवळला होता, माझ्या पान्याने, उलटा धरून. मामा आता थकलाय, पण येतो म्हणालाय. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आता कशाला बाई उकरायलीस?" थोड्या वेळाने म्हणाला, "सांग. मी हाय पुढच्या रांगेत." एवढं मला जमेल असं वाटतं. चूक झाली, पाना सटकला, वय लहान होतं, लोक समजून घेतात.

पण एक गोष्ट मी तिथे सांगणार नाही, कारण ती फक्त तुला सांगायची आहे आणि तुलाच ती सांगायची गरज नाही. हे पत्र तुझ्या डबीशेजारी त्या फडक्यात ठेवून देईन. आई, त्या दिवशी सकाळपासून गावात लाईट नव्हती. म्हणून तर बायका डब्यांवर बसून होत्या. गिरणी बंद होती. तू थांब म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं.